पंडितजींचा कान आणि आमचे चाचा

मी मिरजेत सतारमेकर गल्लीत एका दुकानात कामाला आहे. लागलो होतो हिशोब आणि कुरिअर बघायला, पण या गल्लीत नुसता हिशोब कुणी बघू देत नाही, चार महिन्यात तारा चढवायला लागलो, आता मणी लावतो, खुंट्या घासतो. ही गोष्ट जानेवारी २०२५ मधल्या एका शनिवारची. 'बंदिश बँडिट्स' या शास्त्रीय गाण्याच्या घराण्यावरच्या वेब सिरीजचा दुसरा सीझन डिसेंबरमध्ये आला होता आणि ज्यांनी पहिला २०२० ला लॉकडाऊनमध्ये बघितला होता त्यांनी परत पहिल्यापासून लावला होता. मी पण त्यातलाच. दुकानात आलेलं गिऱ्हाईक भोपळा बघता बघता त्यातल्या राधे आणि तमन्नावर घसरायचं. २०२४ मध्येच मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळालं, त्याच्यावर एवढं कोण बोललं नाही, असो.

तर त्या दिवशी सांगलीहून विश्रामबागच्या एक काकू आल्या, सुनेला घेऊन. काकू गाण्याचे क्लास घेतात, जुनं गिऱ्हाईक. त्यांच्या काळी चार पट्टीच्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेची गुंज, बसली होती, आवाज एकदम कोंडल्यासारखा येत होता. आमच्या दुकानातले म्हातारे कारागीर चाचा, त्यांनी तारा सैल केल्या, घोडी म्हणजे तारांखालची पट्टी काढली आणि कानस घेऊन बसले. तेवढ्यात तासगावचा एक पोरगा आला, इंजिनिअरिंगचा, दोन महिने झाले गाणं शिकतोय म्हणे, त्याला पण तंबोरा पाहिजे होता, आणि कसला तर "राधेच्या घरात असतो तसला".

झालं. सूनबाईंनी मान वर केली.

पोरगा म्हणाला, गुरू असावा तर राधेच्या आजोबांसारखा, पंडितजींसारखा, एवढी शिस्त आता कुठं बघायला मिळते. त्यावर सूनबाई अशा काय उसळल्या, "शिस्त? सुनेचं गाणं बंद करून घरात बसवलं त्यानं! मोहिनी त्याच्यापेक्षा भारी गात होती हे सहन झालं नाही, ही शिस्त व्हय?" काकू मधी पडल्या, अगं पण पंडितजींचं काम नसीरुद्दीन शाहनं काय केलंय. सूनबाई म्हणाल्या, कामाला नाव ठेवतच नाही मी, काम चांगलं केलंय म्हणूनच तर राग येतोय. हे मला आवडलं. कारण आमच्याकडं उलटं चालतं, वाईट माणसाचं काम केलं की नटालाच शिव्या, आणि गाणं पार्श्वगायकानं गायलेलं असतं त्याचं कौतुक मात्र ओठ हलवणाऱ्याला. कुरिअरवाला पार्सल न्यायला आला होता तो पण उभा राहिला, त्याचं म्हणणं एकच, पंडितजींच्या मुलावर, दिग्विजयवर अन्याय झाला, अतुल कुलकर्णी एका नजरेत सगळ्यांना खाऊन टाकतो. काकू म्हणाल्या, नजर राहू दे, तंबोऱ्यावरची बोटं बघ एकेकाची, तार छेडतायत का पाठ खाजवतायत कळत नाही.

मी पण हसत होतो. आणि मग पोरगा बोलला, "बाकी सगळं ठीक, पण पंडितजींचं एक पटलं नाही. ऐकू येत नाही हे लपवलं. ज्याला सूरच ऐकू येत नाही त्यानं सूर शिकवायचा, ही फसवणूक आहे की ओ."

माझं हसू तिथंच गेलं.

कारण चाचांचा डावा कान वर्षभर झालं गेलाय. दुकानात आम्हा तिघांनाच माहीत. जवारी म्हणजे काय, घोडीचा माथा कानशीनं इतका बारीक घासायचा की तार त्याच्यावर नुसती टेकून सरपटली पाहिजे, मग तारेखाली सुताचा दोरा सरकवत सरकवत जायचं, एका जागी आवाज असा फुलतो की तारेतून दुसराच कुणी गातोय असं वाटतं. ती जागा कानानं धरायची असते, मशीन नाही त्याला. चाचा आता दांडीला उजवा गाल लावून बसतात. खर्ज, म्हणजे सगळ्यात खालचा सूर, त्यांना हाडातून कळतो, पण मधल्या जोडीच्या तारांना शेवटचा दोरा सरकवताना माझ्याकडं बघतात, मी मान हलवली की थांबतात. गिऱ्हाईकाला वाटतं म्हाताऱ्याची लकब आहे. आणि मी स्वतः तो भाग बघताना पंडितजींना ढोंगी म्हटलं होतं, बायकोसमोर, मोठ्यानं.

चाचांना पोराचं बोलणं ऐकू आलं का नाही मला कळेना. घोडी बसवली, तारा चढवल्या, पहिली तार, मग जोडी. दोरा सरकवला आणि सवयीनं माझ्याकडं बघितलं. आणि मी मान हलवायची सोडून खाली बघत राहिलो. का ते आज पण सांगता येत नाही.

चाचा थोडा वेळ थांबले. मग तंबोरा तसाच काकूंच्या पुढं धरला, "बाई, माझा डावा कान बंद पडलाय. दोरा तुम्ही सरकवा, बराबर आला की सांगा."

दुकान गप्प. पोरगा तर मोबाईलमध्ये तोंड घालून बसला. काकूंनी तंबोरा घेतला नाही. त्या म्हणाल्या, "चाचा, गेल्या गणपतीत मी डाव्या बाजूनं तीन हाका मारल्या तेव्हाच कळलं मला. म्हणून तर हिला आणलीय, हिचा कान माझ्यापेक्षा तयार आहे. लावा तुम्ही, ती सांगेल."

मग सूनबाई समोर मांडी घालून बसल्या. "अजून जरा... जरा मागं... हां, थांबा." तार बोलली आणि कुरिअरवाल्यानं सुद्धा आ केला. त्या बाईनं नंतर डोळे मिटून एक सा लावला, बास, एवढंच, पण मोहिनीवरनं एवढी का भांडत होती ते मला तेव्हा कळलं. विचारलं मात्र नाही.

पोरानं तंबोरा बुक केला. जाताना चाचांच्या उजव्या बाजूला जाऊन, वाकून, "जवारी तुम्हीच लावणार ना?" म्हणाला. चाचा म्हणाले, "शिकून ये, मग तुझा तूच ऐक."

संध्याकाळी मी मालकांना फोन करून सगळं सांगितलं. ते "बरं झालं" म्हणाले आणि पंढरपूरकडनं यायचा भोपळ्यांचा टेम्पो कुठं अडकलाय ते विचारायला लागले.

दुकान बंद करायच्या वेळी चाचा जवळ आले, "ते कानाचं काय बोलत होता रे पोरगा? दाखव." मी मोबाईलवर तो भाग लावून दिला. चाचांनी बघितलंच नाही, फोन उजव्या कानाला दाबून नुसतं ऐकत बसले, वीसेक मिनिटं. मग फोन परत दिला.

"पुढं काय होतं त्याचं?"

दुसरा सीझन सुरू होतो तेव्हा पंडितजी वारलेले असतात.

"अजून बघितला नाही ओ मी," म्हटलं आणि शटर ओढलं.