डॅफ्निया अपडेट: उपाशी बादलीत खोगीरं आली!

तर मॅग्नाची (डॅफ्निया मॅग्ना, पाण्यातला पिसवेएवढा बारका जीव) जी बादली मुद्दाम गर्दीत आणि अर्धपोटी ठेवली होती तिचा अपडेट. प्लॅन साधा, पुण्याचा एप्रिल-मे मॅग्नाला झेपत नाही, पाणी तापलं की कल्चर, म्हणजे बादलीत वाढवलेली सगळी फौज, कधी मरेल सांगता येत नाही, म्हणून त्याआधीच सुप्त अंडी काढून ठेवायची.

शेजारच्या खात्यापित्या बादलीत ग्रीन वॉटर (बारीक शेवाळाचं हिरवं पाणी, हेच त्यांचं खाणं) चालूय, तिथे सगळ्या माद्याच, नराशिवाय अंडी, तीनेक दिवसांत पाठीच्या पिशवीतून जिवंत पिल्लं बाहेर आणि पिल्लं म्हणजे आईच्या कॉप्या. खायला भरपूर असताना नर पोसतंय कोण!

उपाशी बादलीत मात्र आधी पिल्लं रोडावली, मग बारके, पुढच्या छोट्या मिशा जरा लांब असलेले नर दिसायला लागले. गंमत म्हणजे हे नरसुद्धा बिनबापाचे, जीन्स आईचेच, गर्दी, उपासमार, लहान दिवस असे सिग्नल मिळाले की आईच्या हॉर्मोनमुळे त्याच अंड्यातून मुलगीऐवजी मुलगा निघतो. मग काही माद्या वेगळी, म्हणजे तीच सुप्त अंडी करतात, त्यांना मात्र नर लागतोच.

मोबाइलला मॅक्रो लेन्स लावून बघितलं तर मादीच्या पाठीवर खोगीर चढवल्यासारखा काळपट कप्पा, आत दोन अंडी. कात टाकली की तो कप्पा सुटतो. पण सगळी खोगीरं भरलेली नसतात हां, नर भेटला नाही तर बऱ्याचदा रिकामीच पडतात, त्यामुळे उजेडासमोर धरून दोन फुगवटे दिसतील तीच ठेवा.

माझी गाळून, कागदावर सुकवून फ्रिजात गेलीयत. टिकण्याचं टेन्शन नाही, मिनेसोटातल्या एका तळ्याच्या गाळातून काही शतकं जुनी अंडी काढून उबवलीयत लोकांनी!

पावसाळ्यात क्लोरीन गेलेलं ताजं पाणी आणि भरपूर उजेड देऊन उबवणार. निघतील त्या सगळ्या माद्या, पण आईबापाचे जीन्स मिसळल्यामुळे प्रत्येक वेगळी, आणि मला खरा इंटरेस्ट तिथेच आहे. एकेक मादी वेगळ्या बरणीत टाकून तिची लाइन वाढवायची, पुढच्या मार्चपासून पाणी गार न करता जी तग धरेल तीच पुढे. कोणी आधी असं निवडून बघितलंय का, बरण्यांचा साइज काय ठेवला होतात?