खडप कोरडं राहतं, वाट बुडते

आधी निकाल सांगतो, मग रडगाणं. गुहागर ते हेदवी या पट्ट्यात खडपांवरून (समुद्रात घुसलेल्या कातळांवरून) गरवायला, म्हणजे गळाने मासे धरायला, जरूर जा. पण जागा दाखवायचे पैसे कुणाला देऊ नका, पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे जाऊ नका, आणि 'भरती किती वाजता?' एवढंच विचारून समाधान मानू नका. तो प्रश्नच अपुरा आहे. हे मी डाव्या हाताने टाइप करतोय, कारण उजव्या तळव्याला चार टाके आहेत. सूर चिडका वाटला तर तसाच वाचा.

आम्ही चौघे: मी, मेव्हणा, शेजारचे काका आणि आमचा डॉक्टर (दातांचा, हे पुढे महत्त्वाचं ठरतं). कुणीच नवशिके नव्हतो. अलिबागपासून मालवणपर्यंत रॉड घेऊन फिरलेलो. काका तर तंगूस (गळाचा नायलॉनचा दोरा) हाताला गुंडाळून गरी टाकायच्या जमान्यापासूनचे. नवशिके असतो तर घाबरून लवकर निघालो असतो.

पुण्याहून कुंभार्ली घाटाने चिपळूण, तिथून गुहागर पंचेचाळीसेक किलोमीटर. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. घरगुती खोली बरी होती, जेवण चांगलं होतं, पुढे.

जागा शोधायची म्हणून निघायच्या आधीच एका माणसाशी फोनवर ठरवलं होतं. त्याचा एक व्हिडिओ पाहिला होता, त्यात लोक खडपावर आरामात उभे आणि एकामागून एक तांबोशी वर येतायत. माणशी दीड हजार, चौघांचे सहा. त्यात 'जागा, आमिष आणि मार्गदर्शन'. आमिष म्हणजे बर्फात दोन दिवस झोपलेली, डोकी काळी पडलेली मूठभर कोलंबी. तीही कमी पडेल म्हणून जास्तीचे चारशे घेतले. मार्गदर्शन म्हणजे सड्यावरून (वरच्या कातळपठारावरून) खाली उतरणारी पायवाट बोटाने दाखवणं. मग तो 'दहापर्यंत बिनधास्त बसा' म्हणाला आणि मोटरसायकलवरून गेला. आदल्या संध्याकाळी पालशेतच्या बंदरात मासे उतरताना आम्ही उभे होतो. तिथे ताजी कोलंबी आणि जिवंत वाटावीत अशी छोटी बोयटं समोर होती, दीडशे रुपयांत पिशवी भरली असती. पण 'आमिष पॅकेजमध्ये आहे' म्हणून घेतली नाहीत. या वाक्याचा मला अजून राग येतो.

आता खडपाची रचना नीट समजून घ्या, सगळी गोम तिथे आहे. जागेचं नाव मुद्दाम देत नाही, पण अशी खडपं या किनाऱ्यावर पायलीला पन्नास आहेत. वर जांभ्याचा सडा, खाली काळा कातळ. कातळाचा एक मोठा चौथरा समुद्रात पुढे गेलेला, समोरच्या टोकाला छातीभर उंच आणि सपाट. उभं राहायला झकास, पुढ्यात खोल पाणी. पण तो किनाऱ्याला सलग चिकटलेला नाही. मध्ये एक घळ आहे, जेमतेम बारा पावलांची, बाजूने तिरकी समुद्राकडे उघडणारी. सकाळी सव्वासहाला ओहोटी पूर्ण होती तेव्हा आम्ही ती घोटाभर पाण्यातून ओलांडली. इतकी क्षुल्लक वाटली की काकांनी बूटही नीट बांधले नव्हते.

म्हणजे उभं राहायची जागा उंच आणि तिथे जायची वाट सखल. तुम्ही तोंड समुद्राकडे करून बसता, पायाखालचा दगड कोरडा असतो, आणि पाणी मागच्या दाराने घरात शिरत असतं.

वेळेचा हिशेबही आम्हीच चुकवला, त्याचं खापर त्या माणसावर पूर्ण फोडता येत नाही. पौर्णिमेचा दुसरा दिवस होता. मोबाइलमधल्या तक्त्यात भरती पावणेएकला दिसत होती, म्हणून दहापर्यंत चिंता नाही असं धरलं. तक्ता मुंबई बंदराचा होता. पूर्वी कधीतरी निवडलेलं बंदर बदलायचं राहून गेलं होतं. भरती या किनाऱ्याला दक्षिणेकडून वर सरकते. रत्नागिरीकडे ती मुंबईच्या पाऊण-एक तास आधी येते. तुमचा तक्ता कुठल्या बंदराचा आहे हे घरीच बघा.

पंचांगवाल्यांसाठी जुना हिशेब: तिथीची पाऊणपट केली की भरतीचा तास मिळतो. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा. प्रतिपदेला पाऊण, म्हणजे पावणेएक. हा हिशेबसुद्धा मुंबईशीच जुळतो, इकडे त्यातून पाऊणेक तास वजा करा. काकांना हे पाठ होतं. 'मोबाइलवाल्यांपुढे कशाला बोला' म्हणून गप्प बसले, असं त्यांनी नंतर सांगितलं. नंतर.

आणखी एक गोष्ट. पाणी एकसारखं चढत नाही. ओहोटी ते भरती हे सहा तास धरले तर एकूण चढाचे बारा भाग करा: पहिल्या तासात एक भाग, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, मग दोन, मग एक. पहिले दोन तास पाणी तुम्हाला झोपवतं. तिसऱ्या तासात ते धावतं, आणि नेमका तेव्हाच मासाही खायला लागतो. मुंबईच्या मानाने इकडे चढ-उतार निम्म्याच्या आसपास असतो, त्यामुळे 'इथे काय एवढं' असं वाटतं. बारा पावलांच्या घळीला निम्माही पुरतो.

साडेसातपर्यंत फक्त केंड लागत होते. केंड म्हणजे फुगणारा मासा, चोचीसारख्या दातांनी तंगूस कात्रीने कापावा तसा कापतो. तेवढ्यात सात गळ आणि तेवढीच शिसं गेली. खायचा विचारही करू नका, त्याचं विष शिजवून जात नाही. मग दोन पालू आले, हाताएवढे. मेव्हण्याला तांबोशी लागली, ती कातळाखाली घुसली आणि लीडर (गळाआधीचा जाड दोरा) घासून तुटला. आणि आठ-वीसला माझ्या रॉडला असा ओढा बसला की मी गुडघ्यावर आलो. हेकरू. पावणेदोन किलोचं असावं. (काका म्हणतात दीड. काकांचं काही मोजू नका.) ते वर काढायला, फोटो काढायला, चौघांनी आळीपाळीने हातात धरायला पंधरा-वीस मिनिटं गेली. इतका आनंद मला लेकीच्या दहावीच्या निकालाला झाला नव्हता.

याच सुमारास पलीकडच्या खडकांवर कालवं काढणाऱ्या दोन बायका कोयत्या-टोपल्या आवरून उठल्या. त्यातल्या एकीने ओरडून सांगितलं, "ओ पावन्यांनू, पानी पाठनं येतं हां!" आम्ही हेकरू उंच धरून तिला दाखवलं. तिने हात झटकला आणि ती गेली. फुकट मिळालेलं हे एक वाक्य आमच्या सहा हजारांच्या मार्गदर्शनापेक्षा कामाचं होतं. कालवंवाल्या उठल्या की तुम्हीही उठा. त्यांना तक्ता लागत नाही.

पावणेनऊला डॉक्टर मागे पाणी प्यायला गेला आणि तिथूनच त्याने शीळ घातली. घळ कमरेएवढी भरली होती. नुसती कमरेएवढी असती तर चालत गेलो असतो. पण ती तिरकी उघडते ना, त्यामुळे प्रत्येक लाट आत घुसून फुगायची, छातीपर्यंत यायची आणि परत जाताना सगळं ओढून न्यायची. तळाला शेवाळ, दोन्ही कडांना कालवांच्या धारा. दोर गाडीत. लाइफ जॅकेट एक, तेही बॅगेवर उशीसारखं ठेवलेलं.

दहा मिनिटं वाद झाला. मी आणि मेव्हणा म्हणालो आत्ताच पार करू, अजून वाढेल. काका म्हणाले बसून राहू. डॉक्टर म्हणाला ठरवा लवकर. आम्ही लाटा मोजल्या. तीन-चार मोठ्या येतात आणि मग जरा उसंत मिळते, त्या उसंतीत एकेकाने जायचं ठरलं. सामान तिथेच, उंच कपारीत. डॉक्टर गेला, व्यवस्थित. काका जॅकेट घालून गेले, डॉक्टरने हात दिला. मेव्हण्याने रॉड सोडायला नकार दिला. नऊ हजारांचा रॉड होता. मधोमध त्याचा पाय सरकला, रॉड गेला, रील गेली, तो कडेवर आपटला आणि कालवांनी त्याची मांडी किसून काढली. त्याला धरायला मी पुढे झालो आणि पुढच्या लाटेत तळहात टेकला तो नेमका कालवांवर. पार झालो तेव्हा पाणी माझ्या गळ्याशी होतं. मी पाच फूट आठ इंच आहे.

हाताला टाके दाताच्या डॉक्टरने घातले नाहीत. त्याने फक्त टॉवेल घट्ट बांधला आणि 'हे माझ्या हद्दीबाहेर आहे' म्हणाला. टाके घालायला गाडीने जावं लागलं. कालवांची जखम साधी समजू नका, आत कवचाचे तुकडे राहतात. लगेच स्वच्छ पाण्याने धुवा आणि त्याच दिवशी दाखवा. पाकट किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर उपाय वेगळा: सोसवेल इतक्या गरम पाण्यात तो भाग बुडवून ठेवा आणि तसंच दवाखाना गाठा.

खोलीवर येऊन त्या मार्गदर्शकाला फोन केला. म्हणाला, "मी नऊ म्हटलं होतं." मग म्हणाला, "उद्या दुसरी जागा दाखवतो, हजारात." मी फोन ठेवला. भांडायला दोन्ही हात लागतात.

तर तुम्ही काय करायचं. अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस असतात, चढ-उतार कमी, तेव्हा जा. मासे कमी लागतात असं सगळे म्हणतात, लागू देत कमी. खडपावर पोचल्यावर आधी पाठ समुद्राकडे करा आणि परतीच्या वाटेतला सगळ्यात सखल दगड शोधा. त्याला पाणी लागलं की निघायचं, गळाला काहीही असो. कुणीतरी एकाने दर पंधरा मिनिटांनी मागे बघायचं, आणि तो माणूस रॉड न धरलेला हवा. जाण्याआधी अर्धा तास वर उभं राहून लाटा बघा. हवा शांत असूनही लांबून आलेला फुगोटा असू शकतो. हैदराबादची इन्कॉईस संस्था उंच लाटांचे इशारे देते, ते आदल्या रात्री बघा. हेदवीची बामणघळ भरतीला एकदा पाहून या. चिंचोळ्या फटीत शिरलेलं पाणी काय करतं ते कळेल, आणि तिथे गळ टाकायची हौस राहणार नाही.

सामानाचं वेगळं सांगायला नको. नऊ-दहा फुटी रॉड, तीस पौंडी ब्रेड (विणलेला दोरा), पन्नास पौंडी लीडर, त्याहून कमी या कातळात टिकत नाही. महागडे लूअर (नकली आमिषं) आणू नका, समुद्राला दान होतात. चपला-फ्लोटर घालून आलेल्याला वरूनच परत पाठवा. दोर खांद्यावर हवा, गाडीत नाही. जॅकेट माणशी एक आणि अंगावर. खाली कड्याच्या पायथ्याला मोबाइलला रेंज नव्हती, म्हणून वर कुणाला तरी परतायची वेळ सांगून जा. तटरक्षक दलाचा नंबर 1554, नाहीतर 112.

दुसऱ्या दिवशी गुहागरच्या वाळूत बसून सकाळपासून संध्याकाळपर्यंत मुडदुशा धरल्या. तीसेक मिळाल्या, तळून खाल्ल्या. सुखाचा दिवस, सांगण्यासारखं काही नाही. लहान मुलं, आईवडील बरोबर असतील तर तेच करा.

एक राहिलं. पहिल्या दिवशी संध्याकाळी साडेपाचला पाणी उतरल्यावर डॉक्टर आणि काका सामान आणायला त्या खडपावर गेले. या वेळी दोर बांधून. घळ पुन्हा घोटाभर. कपारीतला गळांचा डबा, बॅग, काकांची काडेपेटी, सगळं जागच्या जागी आणि कोरडं ठणठणीत. म्हणजे भरतीच्या ऐन वेळीही तिथवर शिंतोडासुद्धा आला नव्हता. दिवसभर उन्हात बसलो असतो, तहानेने वैतागलो असतो, एवढंच. काकांनी ती काडेपेटी खोलीवर आल्यावर काही न बोलता माझ्यासमोर ठेवली आणि एक काडी ओढून दाखवली. पेटली.

हेकरूचं मात्र डोकं आणि काटा तेवढा उरला होता. घारींनी.