आधी काय दळलं होतं?

गुरुवार, रात्र

“आत्या, गिरणीत ह्याच्या आधी काय दळलं होतं?”

काल सकाळपासून एवढं एकच वाक्य डोक्यात घोळतंय. बाय, दादाची मुलगी, आठ वर्षांची. समोर पहिलं घावन, जाळी सुरेख पडलेली, शेजारी वाटीत गूळ-वेलची घातलेला नारळाचा रस. तिने ताट उचलून वास घेतला, डोळे मिटले, मग ताट खाली ठेवलं आणि हे विचारलं. आवाजात हट्ट नव्हता, रडू नव्हतं. बाजारात मोठी माणसं भाव विचारतात तसं विचारलं.

मी म्हटलं, “तांदळाचंच आहे गं, गहू नाही ह्यात.”

“ते माहितीये. आधी काय दळलं होतं?”

वहिनी लगेच उठली. तिने दडपे पोहे केले, हिंगसुद्धा स्वतःच्या पिशवीतला काढला, कारण आपण आणतो त्या डबीतल्या हिंगात बहुतेक वेळा मैदा मिसळलेला असतो. आई चुलीपाशी बसली होती. “घावनात गंव खंयसून येतलो?” एवढंच म्हणाली आणि बायचं घावन आपल्या ताटात घेतलं.

मला राग आला, आणि तो दिवसभर गेला नाही. वर्षातून बारा दिवस ती येते. (दादा यंदाही आला नाही. ते राहू दे.) एप्रिलपासून मी मनात मांडणी करून ठेवली होती, कुठल्या दिवशी घावणं, कुठल्या दिवशी खांडवी, फणस कधी उतरवायचा. आजारपण माहीत नव्हतं असं नाही. दोन वर्षांपूर्वी रक्त तपासलं, मग दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा काढून पाहिला, सिलिअ‍ॅक निघाला, तेव्हा वहिनी फोनवर रडली होती. ह्या आजारात ग्लुटेन, म्हणजे गव्हासारख्या धान्यातलं प्रथिन, आतड्याला सोसत नाही. गहू, जव, राय बंद, आणि तेही जन्मभर, कारण ह्याला दुसरं औषध नाही. मी तेव्हा तिला म्हटलं होतं, अगं, आपण कोकणातली माणसं, तांदळावर वाढलेली, तिला आमच्याकडे पाठव, इथे काय अडणार आहे!

आणि इथेच अडलं. माझ्या हातचं खाऊन पोर आजारी पडेल, हे आजवर मला कुणी सुचवलं नव्हतं. काय काय मनात येत होतं. शहरात राहून ह्यांना आपलं सगळं अस्वच्छ वाटतं, हेही येऊन गेलं. लिहिताना लाज वाटते, पण आलं होतं.

दुपारी नाचणीचं निमित्त काढून गिरणीत गेले. चार डबे रांगेत. गहू, गहू, तांदूळ, आणि शेवटी माझी नाचणी. गहू संपला तसा गिरणीवाल्याने त्याच तोंडात तांदूळ ओतला. पीठ पडतं तिथे कापडी नळी बांधलेली असते, तिला त्याने दोन चापट्या मारल्या आणि पिठाचा एक लोट उठून सगळ्या डब्यांवर बसला. तराजूवर, खांबावर, त्याच्या पापण्यांवर तेच. त्याचं काही चुकत नाही, अशीच दळतात. लहानपणी आमचं पीठ कमी भरलं की आई म्हणायची, गिरणीने खाल्लं. गिरण एकाचं खाते ते दुसऱ्याच्या डब्यात टाकते, हे मला काल पंचेचाळिसाव्या वर्षी उमगलं.

तांदूळ भिजत घालून घरीच वाटले असते तर प्रश्नच नव्हता. पण डब्यात पीठ होतं आणि मला तिला सकाळी उठल्याउठल्या गरम घावन द्यायचं होतं.

संध्याकाळी वहिनीला म्हटलं, तू आणलेलं ते वॉफलचं यंत्र काढ, उद्या मी करते. यंत्र नवंकोरं, वेगळ्या कापडी पिशवीत, त्याला गव्हाचा हात लागलेला नाही. बायच्या शाळेजवळ वॉफलचं दुकान आहे, मैद्याचे असतात. वाढदिवसांना सगळ्या मैत्रिणी तिथे जातात आणि ही आपला डबा घेऊन बसते. हे वहिनीने सांगितलं नव्हतं, बायनेच सांगितलं, काल रात्री माझ्याशेजारी झोपताना.

वहिनी म्हणाली, पाकिटावर ग्लुटेन-फ्री छापायचं तर किलोमागे २० मिलिग्रॅमच्या वर ग्लुटेन चालत नाही. आपल्या चिमटीत मीठ येतं ते ह्याच्या कितीतरी पट. हे ऐकल्यावर मी स्वयंपाकघराकडे पाहिलं आणि एकेक वस्तू गळत गेली. चाळण गेली, तिच्या जाळीत किती वर्षांची कणीक बसलीय कोण जाणे. लाकडी उलथनं गेलं. पोळपाटाशेजारचा ओटा दोनदा धुतला. तांदूळ धुऊन पंख्याखाली पंचावर पसरले, मिक्सरचं स्टीलचं भांडं उकळत्या पाण्यातून काढलं आणि रात्री थोडे थोडे तांदूळ दळले. चाळणीऐवजी मलमलच्या कापडातून गाळले. आजीच्या तोंडी ‘वस्त्रगाळ’ हा शब्द असायचा, मी पहिल्यांदाच तसं पीठ केलं.

पहाटे भिजवलं. दोन वाट्या पीठ, अर्धी वाटी आरारूट, वाटीभर काजूची पूड, दोन अंडी, तीन वेलची केळी अगदी काळी पडलेली, नारळाचं दाट दूध, दोन चमचे साखर. बेकिंग पावडर घातली नाही, तिच्यातला स्टार्च कसला ते बघत बसावं लागतं. सोडा आणि लिंबू पिळलं. तांदळाला चिकाटी नसते, गव्हातलं ग्लुटेन जे धरून ठेवतं ते धरायला काहीतरी लागतं, म्हणून जवस कुटून भिजत घातले होते. जवस म्हटल्यावर वहिनीचा चेहरा पांढरा पडला. जव नव्हे गं, जवस, चटणी करतो ते. तिने डबा उघडून दाणे बोटात धरले, चपटे, तपकिरी, गुळगुळीत, तेव्हा कुठे खाली बसली. त्या क्षणी माझा राग कुठे गेला मला कळलं नाही. दोन वर्षं ही बाई प्रत्येक डबा असा उघडून बघतेय.

पीठ अर्धा तास मुरू दिलं, नाहीतर तांदूळ दाताखाली कचकचतो. पहिला वॉफल फाटला, अर्धा वर, अर्धा खाली. मी झाकण लवकर उघडलं होतं. वाफ यायची थांबेपर्यंत हात लावायचा नाही, हे दुसऱ्याला शिकले. आंब्याच्या फोडीही आधी पिठातच घालणार होते, वहिनीने थांबवलं. रस सुटतो, मग सुटून येत नाही. केळं आत, आंबा वरून. हापूस कापला तर साका निघाला, आतला गर पांढरट, स्पंजासारखा, वरून काही कळत नव्हतं, साल कशी सोन्यासारखी होती. मग परसातला रत्ना कापला. नीलम आणि हापूसचा संकर, वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राचा. अण्णांनी लावलेलं कलम. त्यात साका होत नाही.

ताट तिच्यासमोर ठेवलं. कडा कुरकुरीत, चौकोनांत तूप साचलेलं. तिने माझ्याकडे पाहिलं.

“आधी काय दळलं होतं?”

“काही नाही. भांडं उकळून घेतलं आणि तुझेच तांदूळ.”

मग तिने प्रत्येक चौकोनात आंब्याची एकेक फोड बसवली, सगळी घरं भरेपर्यंत एक घासही घेतला नाही. भरल्यावर दोन्ही हातांनी उचलून खाल्लं. तीन खाल्ले. आईनेही एक खाल्ला आणि म्हणाली, “बरो झालो, पण घावन ता घावन.”

मी मात्र दिवसभर तिच्या पोटाकडे बघत होते. दुपारी पडवीत झोपली तर दोनदा जाऊन पाहिलं. वहिनी आधीच उंबऱ्यात बसलेली होती. आम्ही दोघी काही बोललो नाही.

आत्ता फोनवर वाचत होते. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ, गव्हावर त्यांचा आधीपासून संशय होता. १९४४-४५च्या हिवाळ्यात हॉलंडमध्ये दुष्काळ पडला, लोकांनी ट्यूलिपचे कंद खाल्ले, आणि हा आजार असलेली मुलं पाव मिळेनासा झाल्यावर उलट सुधारली. पुढे १९५०मध्ये त्यांनी प्रबंधात हे सगळं मांडलं. मला त्या आयांचं राहून राहून वाटतंय. उपास संपला, पाव परत आला, तेव्हा पहिला तुकडा त्यांनीच भरवला असणार ना. किती आनंदाने भरवला असेल.

बायला घावन हवं आहे. निजताना म्हणाली, तुझं ते जाळीचं. पीठ आता आहे, तिच्या नावाची चिठ्ठी लावून वरच्या फळीवर ठेवलंय. पण आमचा बिडाचा तवा आजीच्या वेळचा, त्यावर चपात्याही होतात, तो चालणार नाही, बीड सगळं शोषून घेतं. उद्या नवा घ्यायचा. नव्या बिडावर घावन सुटत नाही, आधी तेल लावून लावून तो काळा करावा लागतो. पावसाळाभर रोज एक घावन त्याच्यावर घातलं, त्याच डब्यातल्या पिठाचं, तर दिवाळीच्या सुट्टीपर्यंत तयार होईल. वहिनीला अजून सांगितलं नाही.