तुम्ही विचारलंत म्हणून: मुलांची हौस आणि दिवाळीचा कचरा

‘मुलांची हौस न मारता दिवाळीत कचरा कमी कसा करता?’ दसरा झाला की हे विचारणारं कुणी ना कुणी भेटतंच. विचारणाऱ्याला बहुधा काय आणायचं नाही याची यादी हवी असते. मला मात्र अनुभवानं वाटतं, की मुलांच्या हातांना काम दिलं की निम्मा प्रश्न सुटतो. स्वतः केलेली वस्तू मूल सहजासहजी टाकू देत नाही.

आकाशकंदिलाचंच घ्या. चार वर्षांपूर्वी आम्ही प्लास्टिकचा चकचकीत कंदील आणला. पुढच्या दिवाळीत माळ्यावरून काढला तर रंग उडालेला, कडा उसवलेल्या, झिरमिळ्या तर हातातच आल्या. तो कचऱ्यात टाकताना थोरली रडवेली झाली होती. मग बांबूच्या कामट्या आणल्या, दोऱ्यानं बांधून सांगाडा उभा केला आणि कणकेची खळ शिजवली. खळ पातळ झाली की पतंगी कागद भिजून फाटतो, घट्ट झाली की गुठळ्या राहतात. धाकटा सात वर्षांचा आहे, पण खळ कधी उतरवायची ते आता तोच सांगतो. दोन बोटांनी कामटीवर खळ ओढायची, कागद टेकवायचा आणि सुकेपर्यंत फुंकर घालत बसायचं. सांगाडा अजून तोच आहे. दर वर्षी फक्त कागद बदलतो, आणि रंग कोणता यावर दोन दिवस वाद चालतो.

किल्ल्यात खरं तर कचरा होण्यासारखं काही नसतंच. माती, विटांचे तुकडे, जुनं गोणपाट आणि वर पेरलेले अळीव. पाच-सहा दिवसांत डोंगर हिरवा होतो. प्लास्टिकची झाडं नि थर्माकोलचे बुरूज आपण मोठ्यांनीच त्यात घुसवले. सजावटीच्या थर्माकोलवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. मिठाईच्या खोक्यांना गुंडाळायची प्लास्टिकची फिल्म आणि फुग्यांच्या प्लास्टिकच्या काड्याही त्याच बंदीत येतात. हे मुलांना सांगितल्यापासून थोरली दुकानात गेली की डोळे उघडे ठेवून असते. आमचे मावळे मातीचे आहेत, वर्तमानपत्रात गुंडाळून वर्षभर पेटीत झोपतात. एकाचा हात तुटला, तर मुलांनी त्याला दरवाजावर पहारेकरी नेमला, तुटकी बाजू भिंतीआड करून. दिवाळी संपली की किल्ल्याची माती चाळून कुंड्यांत जाते.

रांगोळीतल्या चमकीला मात्र मी साफ नाही म्हणते. बाजारातली बहुतेक चमकी म्हणजे प्लास्टिकचे बारीक कण. झाडू मारला तरी गोळा होत नाहीत, पाणी टाकलं की थेट गटारात. तिच्याऐवजी झेंडूच्या पाकळ्या घ्या. तोरणं सुती दोऱ्यात ओवलीत तर ती दोऱ्यासकट खतात टाकता येतात. नायलॉनचा दोरा मात्र तसाच राहतो आणि खत चाळताना गुंता होतो. दसऱ्याची सुकलेली फुलं उकलून मुलं आतल्या काळ्या, काडीसारख्या बिया वेचतात आणि पाकिटात भरून ठेवतात.

भाऊबीजेच्या भेटींचा कागद ओळखायचा एक सोपा खेळ आहे. तो मुठीत घट्ट चुरगाळायचा. चुरगळलेलाच राहिला तर रद्दीत जातो. मूठ सोडताच उलगडला तर समजायचं, त्यात प्लास्टिकचा थर आहे. मुलं हा खेळ पाहुण्यांसमोरही करतात, तेव्हा मात्र जरा डोळे वटारावे लागतात. आमच्याकडून जाणारी भेट जुन्या ओढणीत किंवा खणाच्या तुकड्यात बांधून जाते. फराळ शेजारी स्टीलच्या डब्यातून द्यायचा. डबा रिकामा परत करू नये ही आपली जुनी रीत, त्यामुळे तो त्यांच्या चकल्या घेऊनच येतो.

तेलकट पणत्या गरम पाण्यात सोडा घालून भिजवल्या की पुढच्या वर्षी पुन्हा चालतात. फुटलेल्यांच्या खापऱ्या कुंडीच्या तळाला, भोकावर.

राहता राहिले फटाके. सगळ्यात जास्त वेळा विचारलं जातं ते त्यांच्याबद्दलच, आणि तिथं माझ्याकडे पक्कं उत्तर नाही. आम्ही मोजक्या फुलबाज्या आणतो. जळालेल्या तारा पाण्याच्या बादलीत टाकायच्या, सकाळी निथळून भंगारवाल्यासाठी वेगळ्या ठेवायच्या, हे काम धाकट्याचं. गल्लीत पडलेले फटाक्यांचे कागद आम्ही झाडून वेगळे भरतो, खतात अजिबात घालत नाही, कारण त्यांत रसायनांचा अंश राहिलेला असतो. गेल्या वर्षी ते झाडता झाडता थोरली म्हणाली, ‘मला या वर्षीपासून नकोत.’ धाकटा अजून तसं म्हणत नाही. मीही त्याच्या मागे लागलेली नाही.