स्वराज द्वीपावर फिन्स निवडताना

अंदमानातील स्वराज द्वीपावर, म्हणजे २०१८ पर्यंतच्या हॅवलॉकवर, स्कूबा डाइव्हिंगसाठी फेब्रुवारीत जाण्याचे ठरले तेव्हा स्वतःचे फिन्स, म्हणजे पाण्याखाली पोहताना पायांत घालायची रुंद पात्याची साधने, लगेच विकत न घेता तेथे वेगवेगळे प्रकार भाड्याने वापरून पाहायचे आणि मगच खरेदी करायची, असे मी ठरवले होते. आपल्यापैकी अनेकांना समुद्राखालचे जग प्रथम दिसते ते मालवण-तारकर्लीला. पण तेथे प्रशिक्षक नवख्याला धरून फिरवतो, त्यामुळे पायांना फारसे काम नसते. प्रमाणपत्र मिळवून स्वतंत्रपणे पोहू लागल्यावर मात्र पुढे जाणे, वळणे, प्रवाहाशी झुंजणे आणि हवा जपून वापरणे हे सारे पायांवर येऊन पडते.

श्री विजयपुरमहून, म्हणजे पूर्वीच्या पोर्ट ब्लेअरहून, बोटीने बेटावर पोहोचल्यावर डाइव्ह सेंटरमध्ये गेले की पहिली निवड करावी लागते ती पूर्ण पावलाचे फिन्स घ्यायचे की उघड्या टाचेचे, याची. पूर्ण पावलाचे फिन्स अनवाणी पायांत बसतात, हलके असतात आणि तेथील २७ ते २९ अंश तापमानाच्या पाण्यात पायांना थंडी वाजण्याचा प्रश्नही नसतो. तरीही मी निओप्रीनचे, म्हणजे मऊ कृत्रिम रबराचे, बूट आणि उघड्या टाचेचे फिन्स हीच जोडी निवडली, कारण किनाऱ्यावरून पाण्यात शिरताना पायाखाली मृत प्रवाळाचे धारदार तुकडे येतात. फिन्सचे माप बूट घालूनच घ्यावे, ही गोष्ट कितीही प्राथमिक वाटली तरी तिच्याकडे दुर्लक्ष होते. फिन घालून बसल्या जागी पाय उचलावा आणि घोटा चारी बाजूंना फिरवावा: पाऊल आत सरकले तर किकचा जोर वाया जाईल आणि कातडीवर फोड येतील, बोटे पुढे दाबली गेली तर थोड्याच वेळात बधिरपणा येईल आणि पोटरीत गोळा येईल.

पात्याचा कडकपणा हा याहून अवघड विषय आहे. डिक्सन्स पिनॅकलसारख्या उघड्या समुद्रातील जागी प्रवाह असला, की मऊ, लांब पाते नुसतेच वाकते आणि पाय चालत राहूनही अंतर कापले जात नाही. उलट फार कडक पाते मांड्यांची ताकद मागते, श्वास वाढवते आणि टाकीतील हवा लवकर संपवते. मधोमध चिरलेल्या पात्याचे स्प्लिट फिन्स गुडघ्याला आणि घोट्याला आराम देतात, त्यामुळे सांधेदुखी असलेल्यांनी त्यांचा विचार जरूर करावा. परंतु पाय वरखाली हलवण्याऐवजी बेडकाप्रमाणे बाजूला फाकवून मारायच्या फ्रॉग किकमध्ये, जागच्या जागी वळण्यात किंवा मागे सरकण्यात ते एकसंध पात्याइतके साथ देत नाहीत.

आणि फ्रॉग किक मला फार महत्त्वाची वाटते. २०१० च्या उन्हाळ्यात समुद्राचे पाणी तापल्याने अंदमानातील प्रवाळ मोठ्या प्रमाणावर पांढरे पडले. गोलाकार, भरीव प्रवाळ वर्षाला साधारण एखादा सेंटिमीटरच वाढते. अशा ठिकाणी फिन्सची टोके हा आपल्याला न दिसणारा शरीराचा भाग असतो. एका बेफिकीर किकेने प्रवाळाची फांदी तुटते किंवा तळाची वाळू उडून जिवंत प्रवाळावर बसते. पाणी खाली न ढकलता मागे ढकलणारी किक ज्या फिन्सने सहज मारता येते, तेच फिन्स अशा समुद्रासाठी योग्य आहेत, असे माझे ठाम मत आहे.

याच कारणासाठी फिन्सचे वजनही पाहावे लागते. १९६० च्या दशकापासून चालत आलेले आखूड, जाड रबराचे जेट फिन्स तांत्रिक डाइव्हिंग, म्हणजे फार खोल पाण्यातले किंवा गुहांमधले डाइव्हिंग, करणारे आजही पसंत करतात. थंड पाण्यात घालायच्या ड्रायसूटमध्ये, म्हणजे अंग कोरडे ठेवणाऱ्या हवाबंद पोशाखात, पायांकडे हवा जाऊन पाय वर तरंगू लागतात, तेव्हा या जड फिन्सचा भार उपयोगी ठरतो. पातळ वेटसूट, म्हणजे आत पाणी शिरू देणारा अंगाला घट्ट बसणारा पोशाख, घातलेल्या माणसाचे पाय मात्र त्याच भाराने खाली जातात, शरीर तिरके होते आणि प्रत्येक किकेचे पाणी थेट तळावर आदळते. बेटाजवळच्या लाइटहाउस या डाइव्हिंगच्या जागी, उथळ रीफवर (प्रवाळाच्या खडकावर), मी दोन्ही प्रकार घालून पाहिले, तेव्हा हा फरक लगेच लक्षात आला: हलक्या फिन्सवर शरीर आपोआप आडवे राहत होते, तर रबरी फिन्सवर पाय सतत उचलून धरावे लागत होते.

परतल्यावर मी मध्यम कडकपणाचे, पाण्यात जवळपास तटस्थ राहणारे (ना बुडणारे, ना तरंगणारे), एकसंध पात्याचे फिन्स घेतले आणि बकलच्या पट्ट्यांऐवजी स्प्रिंगचे पट्टे बसवून घेतले, कारण हलत्या बोटीवर ओल्या हातांनी बकल आवळणे जिकिरीचे असते. विमानात चेक-इन सामानाची मर्यादा अनेकदा १५ किलोच असते. रबरी जोडीने त्यातले दोन-तीन किलो सहज घेतले असते. आता पुढचा बेत मुरुडेश्वरजवळच्या नेत्राणी बेटाचा आहे, आणि तेथेही पाणी उबदार असल्याने हीच जोडी चालेल.