पाच मैलांच्या आतलं घर

वर्ध्याहून सेवाग्रामला पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बापूकुटीत पाय ठेवला आणि सारवलेल्या जमिनीचा गारवा थेट तळव्यांना लागला. इंग्लंडहून आलेल्या मीराबेन यांनी ही कुटी आधी स्वतःसाठी बांधली होती. भिंतीवर त्यांनी मातीतच उठवलेली झाडं आहेत. बोट फिरवावंसं वाटतं.

मला इथे ओढून आणलं ते लॉरी बेकर यांनी. १९१७ साली बर्मिंगहॅमला जन्मलेला हा आर्किटेक्ट महायुद्धात चीनमध्ये रुग्णसेवा करून मायदेशी निघाला, बोटीची वाट पाहत मुंबईत थांबला आणि तिथे गांधीजींना भेटला. घर बांधायचं सामान पाच मैलांच्या आत मिळणारं असावं, हे गांधीजींचं म्हणणं त्यांनी जन्मभर सांभाळलं. १९४५ साली कुष्ठरोग्यांसाठी इमारती बांधायला ते भारतात आले, पुढे सोळा वर्षं हिमालयातल्या पिथोरागडला राहिले, मग केरळात. पुढे भारतीय नागरिकत्वही घेतलं.

कुटीच्या ओसरीत बसून मी आपल्याकडचं पाच मैलांतलं सामान आठवलं. काळी माती, कुटार, तुराट्या, बांबू, कवेलू म्हणजे कौलं. कमी काय आहे?

संध्याकाळी देवळीकडे काकांच्या गावी गेलो. कुडाचं जुनं घर पाडून त्यांनी स्लॅब टाकलाय. रात्री नऊलाही भिंत हाताला गरम लागत होती. मी हळहळलो, तशी काकू म्हणाली, "बापा, दरसाल कवेलू कोन फेरन? वांदरं एका दिवसात सारं फोडून टाकतात."

खरं आहे तिचं. वर चढायचं काकांचं वय नाही आणि मजूर मिळत नाही. पण बेकर यांचा मार्ग याच अडचणीतून जातो, म्हणून मला तो मोलाचा वाटतो. स्लॅबच्या खालच्या भागातलं काँक्रीट भार फारसा पेलतच नाही. तिथे सळयांच्या जाळीत ते मंगलोरी कवेलू जोडीजोडीने ठेवत आणि वरून काँक्रीट ओतत. सिमेंट वाचतं, दोन कवेलूंमधली हवा उष्णता अडवते, आणि वानरांच्या हाती काही लागत नाही. विटाही उभ्या लावून ते भिंतीत पोकळी ठेवत. पाव हिस्सा विटा वाचतात.

सकाळी परसात गेलो. गोठ्यामागे जुन्या मंगलोरी कवेलूंची चळत होती. काकांना जमिनीवर काडीने रेघा ओढून सगळं दाखवलं. ते उकिडवे बसले, दोन कवेलू एकमेकांवर पालथे घालून पाहिले, आणि म्हणाले, "गोठ्यावर करून पाहू. गवंड्याले सांगतो, थो आयकन का पाहू."