सावरीवरची सुतारीण

आज सकाळी नागपूरच्या सेमिनरी हिल्सला गेलो होतो. काटेसावर नुसती लालेलाल, पान म्हणून नाही. मैना-बुलबुलांची झुंबड, आणि त्यात एक सोनपाठी सुतार! वाटलं, आता खोडावर ठोकाठोक सुरू होईल. पण ती फांदीच्या टोकाला उलटी लटकली आणि सरळ फुलात चोच खुपसून मकरंद पिऊ लागली. (कपाळ काळं, त्यावर पांढरे ठिपके, म्हणजे मादीच.) एक फूल झालं की पुढचं. मुंग्या-वाळवी टिपणारी, आत कवटीला वळसा घालून बसलेली ती लांब जीभ फुलातही चालते, हे वाचलं होतं. आज डोळ्यांनी पाहिलं. दुर्बीण खाली ठेववेना.

उद्या सहाला परत जातोय. कोण कोण येतंय?